युजनेट फीड अडकले: लेख शेजारच्या सर्व्हरवर का पोहोचत नाहीत, आणि तपासणी कुठून सुरू करायची

युजनेट म्हणजे चर्चागटांतले लेख एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोहोचवणारे जाळे. लेखांचा हा प्रवाह म्हणजे फीड, आणि ज्या सर्व्हरशी देवाणघेवाण ठरली आहे तो पिअर. हे टिपण आयएनएन या न्यूज सर्व्हर सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या मालिकेतली कुठलीही आवृत्ती चालवणाऱ्यांसाठी आहे. दुसरे सॉफ्टवेअर वापरत असाल तर फाइलींची नावे बदलतील, पण सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते तसेच. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरायचे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळी तपासणी तिच्याभोवती फिरते. फीड बंद पडले की पहिला संशय नेटवर्कवर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. बिघाड नावांत असतो: पिअर तुम्हाला कुठल्या नावाने ओळखतो, लेखाच्या पाथमध्ये कुठले नाव आहे, गटाचे नाव कुठल्या पॅटर्नमध्ये बसते. म्हणून केबल, राउटर, फायरवॉलला हात लावण्याआधी लॉग वाचायचा.

लक्षणे

यातले तुमचे लक्षण कुठले ते आधी नक्की करा. पुढच्या तपासण्यांत त्यांचा उल्लेख येत राहील.

• लेख तुमच्या सर्व्हरवर दिसतो, पण तासाभरानंतरही दुसऱ्या कुठल्याच सर्व्हरवर दिसत नाही.
• बाहेरचे लेख येतात, आतले जात नाहीत. किंवा नेमके उलटे.
• काही गटांचे लेख जातात, काहींचे नाही.
• लहान लेख जातात, मोठे अडकतात.
• लेख पोहोचतो पण अर्धाच, किंवा मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.
• काही दिवस सुरळीत चालते, मग बंद. सर्व्हर रीस्टार्ट केला की पुन्हा सुरू.
• डिस्क भरते, साफ केली की चालते, महिन्याभराने परत भरते.

दोन गोष्टी लक्षणासारख्या दिसतात, पण बिघाड नाहीत. लेख गूगल ग्रुप्सवर दिसत नाही ही तक्रार अजून येते. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने युजनेटशी देवाणघेवाणच थांबवली आहे, त्यामुळे तिथे पाहून काही कळणार नाही. न्यूजफीड्स फाइलीत (कुठल्या पिअरला काय पाठवायचे ते तिथे लिहितात) त्यांची जुनी एन्ट्री उरली असेल तर काढून टाका, नाहीतर तिचा बॅकलॉग, म्हणजे न गेलेल्या लेखांचा साठा, उगाच साठत राहतो. दुसरे म्हणजे आयएनएनफीडच्या (पिअरकडे लेख पाठवणारा प्रोग्राम) आकड्यांत ‘रिफ्यूज्ड’ फुगलेला दिसणे. तुमच्या पिअरला चार ठिकाणांहून फीड येत असेल, तर तुम्ही देऊ केलेले बहुतेक लेख त्याच्याकडे आधीच पोहोचलेले असतात आणि तो नको म्हणतो. हे निरोगी जाळ्याचे लक्षण आहे.

लेख पुढे कसा जातो, थोडक्यात

युजनेटला मध्यवर्ती सर्व्हर नाही. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा लेख यूयूसीपीने (युनिक्स संगणकांमधली फाइल पाठवण्याची जुनी पद्धत), टेलिफोन लाइनवरून गठ्ठ्याने जात. १९८६ च्या फेब्रुवारीत ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांच्या आरएफसी ९७७ या प्रमाण-दस्तऐवजाने एनएनटीपी हा लेख नेण्याचा प्रोटोकॉल आणला. आजचे प्रमाण ऑक्टोबर २००६ चे आरएफसी ३९७७ आहे. वाहतुकीचे साधन बदलले, तत्त्व तेच राहिले: प्रत्येक सर्व्हर मिळालेला लेख आपल्या प्रत्येक पिअरला देऊ करतो, आणि ज्याच्याकडे नसेल तो घेतो.

एकच लेख अनंत काळ फिरत राहू नये म्हणून दोन राखणदार आहेत. मेसेज-आयडी, म्हणजे लेखाची एकमेव ओळखखूण: ती हिस्ट्रीमध्ये (येऊन गेलेल्या लेखांची यादी) सापडली तर लेख घ्यायचाच नाही. पाथ हेडर: लेख ज्या ज्या सर्व्हरवरून गेला त्यांची नावे उद्गारचिन्हाने जोडून लिहिलेली असतात, सर्वांत अलीकडचे नाव डावीकडे. पिअरचे नाव पाथमध्ये आधीच असेल तर त्याला तो लेख देऊही करायचा नाही. फीडचे बहुतेक बिघाड म्हणजे या दोन राखणदारांपैकी एकाने चुकीच्या माणसाला दारात अडवणे.

तपासणी १: लॉगमधली एक ओळ (दोन मिनिटे, खर्च शून्य)

तुमच्या सर्व्हरवरून आपल्या नेहमीच्या एखाद्या गटात, किंवा मिस्क डॉट टेस्टमध्ये, एक लेख टाका. त्याची मेसेज-आयडी उतरवून घ्या. मग आयएनएनच्या लॉग निर्देशिकेत ‘न्यूज’ नावाची फाइल उघडून ती आयडी शोधा. डेबियनवर ही फाइल व्हार, लॉग, न्यूज या वाटेवर सापडते.

ओळीत वेळेनंतर एक चिन्ह असते, आणि सगळे त्या चिन्हात आहे.

ओळच नाही: लेख आयएनएनडीपर्यंत (मुख्य सर्व्हर प्रोग्राम) आलेला नाही. दोष वाचकाच्या प्रोग्राममध्ये किंवा एनएनआरपीडीमध्ये (वाचकांना सेवा देणारा प्रोग्राम) आहे, फीडमध्ये नाही. इथून पुढचे काही करू नका.

उणे चिन्ह: लेख नाकारला. कारण त्याच ओळीत शेवटी लिहिलेले असते. ते वाचा.

‘जे’ अक्षर: लेख जंक गटात गेला, म्हणजे त्याचा गट तुमच्या अ‍ॅक्टिव्ह फाइलीत (तुमच्याकडच्या गटांची यादी) नाही.

अधिक चिन्ह: लेख स्वीकारला. आता ओळीच्या शेवटी पाहा. ज्या पिअरांकडे तो लेख लावला गेला त्यांची नावे तिथे असतात (आयएनएन डॉट कॉन्फमध्ये लॉगसाइटनेम चालू असेल तर, आणि मुळात ते चालूच असते). पिअरचे नाव नसेल तर दोष तुमच्या न्यूजफीड्स फाइलीत किंवा लेखाच्या हेडरमध्ये आहे, थेट तपासणी ५ वर जा. नाव असेल तर तुमच्या आयएनएनडीने आपले काम केले आहे. दोष पुढे, पिअरशी होणाऱ्या संभाषणात आहे, म्हणून तपासणी ३ आणि ४.

ही एक ओळ वाचली की निम्मी तपासणी वाचते. तरी सगळ्यांत जास्त टाळली जाते ती हीच.

तपासणी २: सर्व्हर चालू आहे का, जागा आहे का, घड्याळ बरोबर आहे का

सीटीएल-आयएनएनडीला (सर्व्हरला आज्ञा देणारे साधन) ‘मोड’ विचारा. उत्तर ‘रनिंग’ हवे. ‘थ्रॉटल्ड’ किंवा ‘पॉज्ड’ असेल तर कारण शेजारीच लिहिलेले असते. बहुधा ते आयएनएनवॉच या पहारा ठेवणाऱ्या प्रोग्रामने जागा कमी म्हणून लावलेले असते. अशा वेळी नुसते ‘गो’ देऊन सुटका नाही. पुढच्या फेरीत आयएनएनवॉच पुन्हा ब्रेक लावेल.

जागा पाहताना डीएफ दोनदा चालवा, एकदा साधे आणि एकदा ‘-आय’ लावून. लेख साठवण्याच्या ट्रॅडस्पूल पद्धतीत प्रत्येक लेख स्वतंत्र फाइल असतो, त्यामुळे गिगाबाइट शिल्लक असूनही आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपतात आणि जागा रिकामी दिसत असताना सर्व्हर लेख नाकारतो. सीएनएफएस वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण तिथे ठरावीक मापाचे बफर गोल फिरत भरतात.

डिस्क दर महिन्याला भरत असेल तर डिस्क वाढवू नका. न्यूज-डेली ही साफसफाईची स्क्रिप्ट रोज रात्री ‘न्यूज’ या वापरकर्त्याच्या क्रॉनमधून चालते आहे का ते पाहा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपग्रेडनंतर ती ओळ गायब झालेली असते. जुने लेख काढलेच जात नाहीत, लॉगही फिरत नाहीत.

घड्याळ: लेखाची तारीख सर्व्हरच्या घड्याळापेक्षा २४ तासांहून पुढची असेल तर लेख नाकारला जातो, आणि आर्टकटऑफपेक्षा (किती जुना लेख घ्यायचा ती मर्यादा, मुळात १० दिवस) जुनी असेल तरीही. व्हर्च्युअल मशीन बरेच दिवस थांबवून पुन्हा सुरू केले आणि वेळ जुळवली नाही, की एकाएकी सगळे लेख भविष्यातले ठरतात. एनटीपी किंवा क्रोनी चालू असल्याची खात्री करा.

तपासणी ३: हाताने जोडून पाहा

आपल्या सर्व्हरवरूनच (घरच्या लॅपटॉपवरून नाही, पत्ता वेगळा पडतो) टेलनेटने पिअरच्या ११९ क्रमांकाच्या पोर्टवर जा. काही पिअर सर्व्हर-सर्व्हरमधल्या वाहतुकीसाठी ४३३ वापरतात. ५६३ हे टीएलएसवरून वाचणाऱ्यांसाठी असते, फीड तिकडे वळवू नका.

जोडणी झाली की पहिली ओळ नीट वाचा. आयएनएनच्या स्वागत-ओळीत ‘ट्रान्झिट मोड’ असे आले, तर पिअरने तुम्हाला पिअर म्हणून ओळखले. त्याऐवजी ‘एनएनआरपी सर्व्हर’ असे आले, किंवा थेट ५०२ आला, तर त्याने ओळखले नाही. पिअरच्या आयएनएनडीला इनकमिंग डॉट कॉन्फमध्ये (कुणाकडून फीड घ्यायचे त्यांची यादी) तुमचा पत्ता सापडला नाही की तो जोडणी एनएनआरपीडीकडे, म्हणजे वाचकांच्या खिडकीवर पाठवतो. २०० हा कोड तिथेही मिळू शकतो, म्हणून ‘जोडणी तर होते आहे’ असे वाटत राहते आणि तासन् तास वाया जातात. ‘कॅपॅबिलिटीज’ ही आज्ञा द्या. यादीत ‘आयहॅव’ आणि ‘स्ट्रीमिंग’ दिसले पाहिजे.

ओळखले नाही याची कारणे, वारंवारतेच्या क्रमाने:

तुमचा सर्व्हर आयपीव्ही६ ने जोडतो आहे आणि पिअरने तुमचा फक्त आयपीव्ही४ पत्ता नोंदवला आहे. होस्टिंग कंपनीने आयपीव्ही६ सुरू केले त्या दिवसापासून फीड बंद, ही नेहमीची हकिगत. टेलनेट दोन्ही पत्त्यांवर वेगवेगळे करून पाहा. उपाय: पिअरला दोन्ही पत्ते कळवा, तोवर आयएनएनफीड डॉट कॉन्फमध्ये त्या पिअरच्या आयपी-नेममध्ये त्याचा आयपीव्ही४ पत्ता सरळ लिहा, म्हणजे जोडणीही आयपीव्ही४ नेच होईल.

तुमचा पत्ता बदलला. इनकमिंग डॉट कॉन्फमधली होस्टनावे आयएनएनडी फाइल वाचताना एकदाच पत्त्यांत बदलून घेतो. डीएनएस तुम्ही लगेच दुरुस्त केलेत तरी पिअरने ती फाइल रीलोड करेपर्यंत जुनाच पत्ता धरला जातो. ‘रीस्टार्ट केला की चालते’ या लक्षणाचे हे पहिले स्पष्टीकरण. उपाय रीस्टार्ट नाही, सीटीएल-आयएनएनडी ‘रीलोड इनकमिंग डॉट कॉन्फ’ पुरतो.

जोडणीच होत नसेल, म्हणजे टेलनेट लटकून राहत असेल, तेव्हाच फायरवॉलकडे वळा.

तपासणी ४: पिअर काय उत्तर देतो

एनएनटीपीत प्रत्येक उत्तराला तीन अंकी कोड असतो, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिथेच स्पष्ट होते. जुन्या पद्धतीत आयहॅव आज्ञेने एकेक लेख विचारला जातो. आरएफसी ४६४४ च्या स्ट्रीमिंगमध्ये चेक आणि टेकदिस वापरतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढचे लेख विचारत राहता येते. दूरच्या पिअरसाठी हा फरक मोठा आहे. जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद लागतात असे धरा. आयहॅवला प्रत्येक लेखामागे अशा दोन फेऱ्या, म्हणजे एका जोडणीवर सेकंदाला जेमतेम तीन लेख. फीड चालू आहे पण सतत मागे पडते आहे, असे असेल तर मोड-स्ट्रीमला २०३ मिळते आहे का ते पाहा.

४३५ (आयहॅव) किंवा ४३८ (चेक): नको, आहे माझ्याकडे. ठीक.

४३६ किंवा ४३१: आत्ता नको, नंतर विचारा. बहुधा त्याच क्षणी तोच लेख दुसरा पिअर देऊ करत असतो. अधूनमधून येणारच. प्रत्येक लेखाला हेच उत्तर येत असेल तर पिअरची बाजू अडकली आहे.

४३७ किंवा ४३९: लेख पाहिला आणि नाकारला, पुन्हा पाठवू नका. पुढे कारण असते: गट नको, फार जुना, मोठा, मॉडरेटेड गटात मंजुरीचे हेडर नाही, किंवा क्लीनफीडसारख्या गाळणीने अडवला. हा कोड आला की तुमच्या वाहतुकीत दोष नाही, लेखात आहे किंवा पिअरच्या धोरणात आहे.

४००: सर्व्हर सध्या घेत नाही. ४८०: आधी ओळख पटवा, म्हणजे पासवर्ड. ५००: ही आज्ञा कळली नाही. फीड मधूनच ५०० देऊ लागले तर तपासणी ७ पाहा, त्याचे कारण वेगळे आहे.

हाताने सगळे करायचे नसेल तर न्यूज-नोटिस लॉगमध्ये आयएनएनफीड ठरावीक वेळाने चेकपॉइंटची ओळ लिहितो: किती देऊ केले, किती स्वीकारले, किती ‘रिफ्यूज्ड’, किती ‘रिजेक्टेड’. शेवटचे दोन शब्द सारखे वाटतात, पण पहिला म्हणजे ४३८, दुसरा म्हणजे ४३९. दुसरा वाढत असेल तर काळजी करा.

तपासणी ५: न्यूजफीड्स फाइल

लेखावर अधिक चिन्ह आहे पण ओळीत पिअरचे नाव नाही, तेव्हा इथे वेळ द्या.

पॅटर्नचा क्रम. गटाच्या नावाला जुळणारा शेवटचा पॅटर्न जिंकतो. सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी हा गट पाठवायचा आणि बाकी सॉक पदक्रम (सॉकने सुरू होणारे गट) नको, तर आधी उद्गारचिन्हासह सॉक-तारका, आणि त्यानंतर मराठी गट, असे लिहायला हवे. उलट क्रमाने लिहिले तर शेवटचा नकार मराठी गटालाही लागू होतो. फाइल वाचताना दोन्ही ओळी बरोबर वाटतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे टिकते.

‘अ‍ॅट’चे चिन्ह. उद्गारचिन्ह म्हणजे ‘या गटासाठी पाठवू नका’. ‘अ‍ॅट’ म्हणजे ‘लेख या गटात क्रॉसपोस्ट असेल तर कुठल्याही गटासाठी पाठवू नका’. समजा गोव्याच्या गटापुढे, म्हणजे सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट गोवाच्या पुढे ‘अ‍ॅट’ लागले, तर गोवा आणि मराठी या दोन्ही गटांत मिळून टाकलेले लेख मराठी गटाच्या वाचकांपर्यंतही जाणार नाहीत. ‘काही लेख जातात, काही नाही, आणि नियम सापडत नाही’ असे असेल तर आधी हे चिन्ह शोधा.

डिस्ट्रिब्यूशन. लेखाच्या हेडरमध्ये डिस्ट्रिब्यूशन ‘लोकल’ असेल आणि एन्ट्रीत लोकल वगळले असेल, तर लेख बाहेर जाणार नाही, आणि जाऊही नये. पोस्ट करणाऱ्याच्या प्रोग्रामने ते हेडर आपोआप लावले आहे का ते पाहा.

पाथमधली नावे. इथे सर्वांत किचकट बिघाड राहतात. न्यूजफीड्समधल्या एन्ट्रीचे नाव, किंवा तिच्यापुढे तिरप्या रेषेनंतर दिलेले पर्यायी नाव, हे पिअरच्या पाथहोस्टशी (पाथमध्ये तो स्वतःचे लावतो ते नाव) तंतोतंत जुळायला हवे. जुळत नसेल तर त्याच्याकडून आलेले लेख तुम्ही त्यालाच परत देऊ करता. नुकसान नाही, नुसता अपव्यय. पण चुकून जास्तीचे नाव पर्यायांत लिहिले गेले, तर त्या नावाच्या सर्व्हरवरून आलेला एकही लेख पिअरला जाणार नाही, आणि कुठे चूक म्हणून नोंदही होणार नाही.

दोन सर्व्हरचा पाथहोस्ट एकच असणे हे त्याहून वाईट. चालू सर्व्हरची प्रत काढून नवा उभा केला आणि आयएनएन डॉट कॉन्फमधले पाथहोस्ट बदलायचे राहिले, की दोघांमधले पिअर ‘हा लेख तिथे जाऊन आला आहे’ असे समजून गप्प बसतात. पाथहोस्ट रिकामे ठेवू नका, ‘लोकलहोस्ट’ तर कधीच नको. जगात एकमेव असलेले, तुमच्या मालकीच्या डोमेनमधले पूर्ण नाव द्या. दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचलेल्या आपल्या लेखाचा पाथ उघडून पाहा. त्यात तुमच्या नावाजवळ ‘मिसमॅच’ शब्द दिसला तर पिअरच्या नोंदीतले नाव आणि तुम्ही लावता ते नाव जुळत नाही.

बदल केल्यावर आयएनएन-चेक चालवा, मग सीटीएल-आयएनएनडी ‘रीलोड न्यूजफीड्स’ द्या. आयएनएनफीड डॉट कॉन्फ बदलली असेल तर त्या प्रोसेसला हँगअप सिग्नल वेगळा द्यावा लागतो. फाइल दुरुस्त आहे, रीलोड राहिला, असे आठवड्यातून एकदा तरी कुठेतरी घडतेच.

तपासणी ६: गट

गट दोन्ही बाजूंना असायला हवा. अ‍ॅक्टिव्ह फाइलीत ओळीच्या शेवटचे अक्षर पाहा: ‘वाय’ म्हणजे खुला, ‘एम’ मॉडरेटेड, ‘एन’ म्हणजे स्थानिक पोस्टिंग बंद पण पिअरचे लेख चालतात, ‘एक्स’ म्हणजे पिअरचेही नको. पदक्रमातले नवे गट येत नसतील तर कंट्रोल संदेशांची (गट उघडण्या-बंद करण्याच्या सूचना) पीजीपी सहीची तपासणी चालू आहे ना एवढे पाहा. किल्ली जुनी असली की नवा गट उघडण्याचे संदेश चुपचाप बाजूला पडतात.

तपासणी ७: लेखच बिघडलेला

हे बहुधा घरी लिहिलेल्या गेटवेंमध्ये सापडते, म्हणजे मेलमधून चर्चागटात लेख टाकणारे लहान प्रोग्राम.

एनएनटीपीत लेख संपल्याची खूण म्हणजे एकट्या टिंबाची ओळ. म्हणून मजकुरातली ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवताना तिथे आणखी एक टिंब जोडावे लागते. घेणारा ते काढून टाकतो. गेटवेने हे केले नाही आणि मजकुरात एकटे टिंब आले, की पिअरच्या दृष्टीने लेख तिथेच संपला. उरलेला मजकूर तो आज्ञा म्हणून वाचतो आणि ओळीमागे एक ५०० देतो. अर्धवट लेख आणि ५०० चा वर्षाव एकत्र दिसले तर दुसरे काही शोधू नका. ओळीचा शेवटही कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड या जोडीनेच व्हायला हवा.

मराठी मजकुराबद्दल वेगळे सांगायला हवे. प्रोटोकॉल आठही बिट नेतो. देवनागरी बिघडली तर वाटेतल्या आयएनएनला दोष देऊ नका. मुख्य मजकुरासाठी कंटेंट-टाइप हेडरमध्ये यूटीएफ-८ लिहिलेले हवे. विषयाच्या ओळीत थेट देवनागरी बाइट न घालता माइमच्या पद्धतीने सांकेतिक रूप द्यावे. हेडरच्या एका ओळीला ९९८ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही धरून, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. म्हणजे ३३२ चिन्हांत ओळ भरते. सांकेतिक रूप दिल्यावर त्याहून लवकर. गेटवे लांब विषय एकाच ओळीत कोंबत असेल तर लेख ४३७ किंवा ४३९ ने परत येईल.

मोठे लेख कारणासह नाकारले जात असतील तर मॅक्सआर्टसाइझ पाहा. मुळात ती १०,००,००० बाइट असते. तुमच्याकडे ती वाढवून उपयोग नाही, पिअरची मर्यादा त्याच्या हातात आहे.

तपासणी ८: आता नेटवर्क

लहान लेख जातात आणि मोठे कुठलाही कोड न येता लटकतात, हे एमटीयूचे, म्हणजे वाटेतल्या पॅकेटच्या कमाल मापाचे, खास लक्षण. पिंगला ‘तुकडे करू नका’ सांगून १,४७२ बाइट पाठवा. ते गेले नाही आणि १,४६४ गेले, तर वाटेत पीपीपीओई (ब्रॉडबँड जोडणीची एक पद्धत) आहे. व्हीपीएनचा बोगदा असेल तर त्याहून कमी आकड्यावर जाईल. राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट आखूड ठेवण्याची सोय) चालू केले की सुटते.

‘रीस्टार्ट केला की चालते’ याचे दुसरे स्पष्टीकरण इथे आहे. रहदारी कमी असलेल्या फीडमध्ये जोडणी बराच वेळ गप्प असते, मधला नॅट (पत्ते बदलणारा राउटर) किंवा फायरवॉल ती विसरून जातो, आणि आयएनएनफीड मेलेल्या जोडणीवर लेख ढकलत उत्तराची वाट पाहतो. आयएनएनफीड डॉट कॉन्फमध्ये आर्टिकल-टाइमआउट नॅटच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. आर्टिकल-टाइमआउट ६०० सेकंद असेल तर २४० करून पाहा.

तपासणी ९: हिस्ट्री, आणि इथे हात आखडता घ्या

बिघडलेले फीड सुरू करायला हिस्ट्री फाइली पुसून टाकणे हा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. हिस्ट्री गेली की पहिला राखणदार गेला. सर्व्हरला काय येऊन गेले ते आठवत नाही, आणि काढून टाकलेले पण अजून कटऑफच्या आतले लेख पुन्हा स्वीकारले जातात.

आधी मालकी तपासा. हिस्ट्री आणि तिच्या तीन जोडफाइली (डिर, इंडेक्स, हॅश) ‘न्यूज’ या वापरकर्त्याच्या मालकीच्या हव्यात. कुणी रूट म्हणून एखादे साधन चालवले असेल तर त्या रूटच्या झालेल्या असतात आणि आयएनएनडी उघडू शकत नाही. मालकी परत दिली की काम झाले.

मुख्य हिस्ट्री फाइल शाबूत असून फक्त जोडफाइली बिघडल्या असतील, तर सर्व्हर बंद करून, प्रत काढून, मेक-डीबीझेडने त्या नव्याने बांधता येतात. मुख्य फाइलच तुटली असेल तरच मेक-हिस्ट्री. ते स्पूलमधून, म्हणजे साठवलेल्या लेखांतून, यादी बांधते, म्हणून स्पूलमध्ये न उरलेल्या लेखांच्या आयडी कायमच्या जातात. दोन्ही ‘न्यूज’ म्हणूनच चालवा.

एक्स्पायर डॉट सीटीएलमधली ‘रिमेंबर’ची मुदत (आयडी हिस्ट्रीत किती दिवस ठेवायची) आर्टकटऑफपेक्षा निदान १ दिवस जास्त हवी, मुळातले आकडे ११ आणि १० असे आहेत. जागा वाचवायला ती ३ वर आणली, की संथ पिअरचा बॅकलॉग आला त्या दिवशी जुने लेख दुसऱ्यांदा दिसतात.

कुठे थांबायचे आणि कुणाला बोलवायचे

कर्नलच्या लॉगमध्ये डिस्क वाचता-लिहिता न आल्याच्या चुका दिसल्या तर आयएनएनचे एकही साधन चालवू नका. सर्व्हर बंद करा आणि डिस्क सांभाळणाऱ्या सिस्टिम प्रशासकाला बोलवा. मेक-हिस्ट्री पूर्ण स्पूल वाचते आणि मरत्या डिस्कला तेच शेवटचे ओझे ठरते. सीएनएफएसचे बफर उघडत नसतील तरीही थांबा, ते पुन्हा तयार करणे म्हणजे आतले सगळे लेख पुसणे.

तपासणी ३ किंवा ४ मध्ये दोष पिअरच्या बाजूला निघाला तर आपल्या फाइली बदलत बसू नका. आरएफसी २१४२ प्रमाणे प्रत्येक न्यूज सर्व्हरच्या डोमेनवर ‘न्यूज’ आणि ‘युजनेट’ हे मेलपत्ते असायला हवेत. तिथे लिहा. पत्रात चार गोष्टी द्या: तुमचा पाथहोस्ट, जोडणी करणारे दोन्ही आयपी पत्ते, एका लेखाची मेसेज-आयडी, आणि मिळालेल्या उत्तराची पूर्ण ओळ वेळेसह, वेळ यूटीसीमध्ये. ‘फीड चालत नाही’ एवढ्यावर कुणीही काही शोधू शकत नाही. ११९ क्रमांकाचे पोर्ट बाहेर जातानाच अडत असेल तर तो होस्टिंग कंपनीचा प्रश्न आहे, तुमच्या सर्व्हरवर त्याचा इलाज नाही.

अडकून राहिलेले लेख

फीड सुरू झाल्यावर आयएनएनफीड आपला बॅकलॉग स्वतः पाठवतो. पण दोष न्यूजफीड्समध्ये होता तर ते लेख त्याच्याकडे गेलेच नव्हते आणि तो ते पाठवणार नाही. ग्रेप-हिस्ट्रीला मेसेज-आयडी देऊन प्रत्येक लेखाचे टोकन (साठ्यातला त्याचा पत्ता) मिळवा, टोकन आणि आयडी अशी एकेक ओळ लिहून बॅच फाइल करा, आणि ती आयएनएन-एक्समिट या बॅच पाठवणाऱ्या साधनाला द्या. पिअरकडे आधीच असलेले लेख तो स्वतःच नाकारेल. त्याच्या कटऑफहून जुने, म्हणजे सहसा १० दिवसांपलीकडचे, तो घेणार नाही.

वापरकर्त्यांना मात्र तेच लेख पुन्हा पोस्ट करायला सांगू नका. नवी पोस्ट म्हणजे नवी मेसेज-आयडी, आणि जिथे पहिली प्रत पोहोचली होती तिथे तो लेख दोनदा दिसेल.